घरांतील विजेचीं बटणें : दुरुस्ती आणि सावधगिरी

खोपोलीच्या बाजारांतून घाटाकडे पाहिलें म्हणजे डोंगराच्या उतारावरून सरळ खालीं आलेले प्रचंड नळ दृष्टीस पडतात. वळवण, लोणावळें व शिरवतें येथील तलावांत सांठविलेलें पावसाचें पाणी या नळांतून सुमारें १,७०० फूट खालीं येतें आणि विद्युत्-गृहांतील यंत्रांचीं चाकें फिरवितें. जमशेटजी टाटा यांच्या मनांत ही कल्पना होती. परंतु ते इ. स. १९०४ सालीं निवर्तले. त्यांच्यामागें इ. स. १९१० सालीं कंपनी स्थापन झाली, १९११ सालीं वळवण धरणाची कोनशिला बसली, आणि १९१५ सालीं खोपोलीची वीज ४३ मैलांवर परळास जाऊन तेथील गिरण्या चालवूं लागली. त्यानंतर १९२२ सालीं आंध्रा नदीच्या खोऱ्यांतील पाण्यावर कर्जत तालुक्यांतील भिवपुरीचें विद्युत्-गृह सुरू झालें. काम करून मोकळें झालेलें पाणी खोपोलीस पाताळगंगेंत व भिवपुरीस पेज नदींत जातें, आणि म्हणून भर वैशाखांतही या दोन नद्यांस पाणी दिसतें.

तात्पर्य, कर्जत व खालापूर या तालुक्यांतील मुलांस वीज ही परकी वस्तु नव्हे. ती आमच्याच डोंगरांची लेक आहे. ही लेक प्रथम मुंबईस नांदावयास गेली आणि तिच्या माहेरच्या कित्येक ठाकूरवाड्यांस व कातकरवाड्यांस तिचें मुखदर्शन फार उशिरां घडलें, हें मात्र आम्हांस नेहमीं खटकतें. असो. आतां ती घरोघर आली आहे, आणि घरांत आलेल्या माणसाचा स्वभाव जाणून घेणें हें शहाणपणाचें असतें.

खोपोलीहून परळास वीज गेली ती सुमारें एक लक्ष व्होल्ट दाबानें. आमच्या घरांत ती येते २३० व्होल्ट दाबानें. यामुळें लोकांची अशी समजूत होते कीं, मनोऱ्यावरील वीज ती वाघीण आणि घरांतील वीज ती मांजर. ही समजूत किती घातक आहे, हें आम्हांस कांहीं वर्षांपूर्वींच्या आषाढांत कळलें. आमच्या शाळेंतील आठव्या इयत्तेंतील एका मुलाच्या घरीं, पावसामुळें कपडे वाळत नाहींत म्हणून, ओसरीवर लोखंडी तार बांधली होती. तारेचें एक टोंक खिडकीच्या गजास होतें, आणि त्याच गजावरून न्हाणीघरांतील दिव्याची एक जुनी, जागोजागीं सोललेली वायर गेली होती. मुलाच्या आईनें ओलें लुगडें तारेवर टाकलें आणि ती तारेस चिकटली. मुलगा धांवला, पण आईकडे नव्हे. तो धांवला मेन स्विचकडे. वर्गांत आम्हीं एकदां सांगितलें होतें कीं, विजेनें धरलेल्या माणसास हात लावूं नये, आधीं वीज बंद करावी. तें त्याच्या ध्यानांत राहिलें होतें. माता वांचली. पुढें आठ दिवसांनीं त्याचे वडील शाळेंत आले व म्हणाले, "सर, घरांत बटण बिघडलें, प्लग जळला, दिवा लागेना, तर आम्हीं काय करावयाचें आणि काय करावयाचें नाहीं, हें एकदां नीट लिहून द्या." त्यांस दिलेला शब्द पाळण्यास आम्हांस पुष्कळ विलंब झाला, याबद्दल त्यांची क्षमा मागून हा लेख लिहितों.

प्रथम विजेचा मार्ग समजून घेऊं. घरांत तीन वायरी असतात. एकींतून वीज येते, तिला फेज म्हणतात. दुसरींतून ती परत जाते, ती न्यूट्रल. आणि तिसरी थेट जमिनींत पुरलेली असते, ती अर्थिंगची वायर. दिवा अथवा पंखा हा पहिल्या दोघींच्या मधें बसविलेला असतो. तिसरीस एरवीं कांहींच काम नसतें. इस्त्रीच्या आंत एखादी वायर सुटून तिच्या लोखंडास लागली, तर ती वीज माणसाच्या देहांतून न जातां या तिसऱ्या वायरीनें जमिनींत जाते. एकाएकीं मोठा प्रवाह वाहूं लागतो आणि फ्यूज जळून वीज बंद होते. कांहीं मंडळी तीन पिनांचा प्लग दोन भोंकांच्या सॉकेटांत बसावा म्हणून त्याची मोठी पिन कापून टाकतात. त्यांनीं केवळ पितळेचा तुकडा कापला असें नाहीं. घरांतला पहारेकरी हांकलून दिला असें समजावें. ही पिन इतर दोहोंपेक्षां लांब व जाड मुद्दाम केलेली असते. प्लग लावतांना ती सर्वांआधीं आंत शिरते व काढतांना सर्वांशेवटीं बाहेर येते, म्हणजे पहारा प्रथम चढतो व शेवटीं उतरतो.

माणसाच्या मृत्यूस किती वीज लागते? साठ वॅटचा साधा बल्ब सुमारें २६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. दहा-पंधरा मिलिअँपिअर प्रवाहानें हाताचे स्नायू असे आंखडतात कीं, धरलेली वस्तु सोडूं म्हटलें तरी सुटत नाहीं. आणि त्याच्या कांहीं पट प्रवाह छातींतून गेला तर हृदयाचा ठोका बिघडतो. म्हणजे एका बल्बास पुरत नाहीं एवढी वीज माणसास पुरते. आणि फ्यूज? तो पांच-दहा अँपिअर प्रवाह झाल्याखेरीज हालत नाहीं. यास्तव फ्यूज हा घराचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे. माणसासाठीं ३० मिलिअँपिअरवर तुटणारें एक वेगळें यंत्र मिळतें. त्यास आर. सी. सी. बी. म्हणतात. जी वीज गेली ती परत आली कीं नाहीं याचा हिशेब तें क्षणोक्षणीं ठेवतें, आणि हिशेबांत तूट दिसतांच डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं मार्ग तोडतें. त्यावर 'टी' हें अक्षर असलेलें एक लहान बटण असतें. तें महिन्यांतून एकदां दाबून यंत्र पडतें कीं नाहीं हें पाहावें. नवीन पंखा घेण्याआधीं हें यंत्र घ्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां बिघाड कसा शोधावा तें सांगतों. दिवा लागला नाहीं कीं लगेच पेचकस हातांत घेऊं नये. प्रथम शेजाऱ्याच्या घरीं वीज आहे काय तें पाहावें. नंतर आपल्याच घरांतील दुसरे दिवे पाहावे. एकच दिवा बंद असेल तर बल्ब बदलून पाहावा. आमच्या अनुभवास आलेल्या तक्रारींपैकीं निम्म्या तरी येथेंच संपतात. एका खोलींतील सर्वच बंद असेल तर त्या खोलीचा फ्यूज अथवा एम. सी. बी. पडली असेल. ती एकदां वर करावी. पुन्हां पडली तर सर्व प्लग काढून, सर्व बटणें बंद करून मग वर करावी, आणि एकेक बटण चालू करीत जावें. जें चालू करतांच ती पडेल तेथें दोष आहे. मात्र पडणारी एम. सी. बी. हातानें किंवा काडी अडकवून वर धरणें, किंवा फ्यूजमध्यें चार पदरी जाड तार घालणें, हें शुद्ध वेडेपण होय. तार जळाली नाहीं तर भिंतींतील वायर जळेल.

बटण चालू-बंद करतांना तडतड वाजणें, बोर्ड हातास ऊन लागणें, पांढऱ्या प्लॅस्टिकवर पिंवळट-तपकिरी डाग पडणें, जळक्या मासळीसारखा वास येणें, हीं सर्व एकाच रोगाचीं लक्षणें आहेत. तो रोग म्हणजे सैल झालेला स्क्रू. जेथें सांधा सैल तेथें विजेच्या मार्गांत अडथळा, जेथें अडथळा तेथें उष्णता, आणि उष्णतेनें सांधा अधिकच सैल. अशी ही साखळी आग लागेपर्यंत चालते. आमच्या भागांत दुसरींही कारणें आहेत. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घाटाच्या पायथ्याशीं जो पाऊस कोसळतो, त्यानें भिंती पाझरतात व बोर्डाच्या मागें पाणी उतरतें. ऊब व आडोसा मिळतो म्हणून मुंग्या व पाली बोर्डाच्या पेटींत घर करतात. एका घरीं संध्याकाळ झाली कीं एम. सी. बी. पडे, पेटी उघडली तेव्हां दोन स्क्रूंच्या मधें पाल भाजून चिकटलेली निघाली. भिंत ओली दिसल्यास तेथील बटणास हात न लावतां मेन बंद करावें आणि भिंत पूर्ण वाळेपर्यंत त्या बोर्डाची वीज तोडून ठेवावी. ओल्या बोर्डाची दुरुस्ती नसतेच.

आणखी एक विचित्र बिघाड असा कीं, पंखा फिरत नाहीं, दिवा लागत नाहीं, पण टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोंकांत लाल होतो. 'वीज तर दुप्पट आहे, मग पंखा कां फिरेना?' असें लोक विचारतात. वीज दुप्पट नव्हे. तिचा परतीचा मार्ग, म्हणजे न्यूट्रल, कोठें तरी तुटला आहे. गेलेली वीज पंख्यांतून पुढें जाऊन तुटलेल्या ठिकाणीं अडून उभी राहते. ही अवस्था विशेष धोक्याची. कारण यंत्र मृत दिसतें आणि वायर जिवंत असते. हें काम वायरमनचें आहे.

कायद्याविषयीं दोन शब्द. इ. स. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत, आणि पुढें इ. स. २०१० सालीं आलेल्या नियमांतही, असें सांगितलें आहे कीं, घरांतील वायरिंगचें काम परवानाधारक कंत्राटदारानेंच करावें; अपवाद फक्त दिवे, पंखे, फ्यूज, बटणें व अशाच किरकोळ वस्तूंच्या बदलाचा, आणि तोही मूळ रचनेची शक्ति किंवा स्वरूप न पालटतां. म्हणजे जुन्या बटणाच्या जागीं तसेंच नवें बटण लावण्याची गृहस्थास मोकळीक आहे. नवा पॉइंट काढण्याची नाहीं. मीटर, मीटरचें सील, खांबावरून घरांत येणारी वायर आणि अर्थिंगचा खड्डा यांस तर आपण हात लावूंच नये. विद्यार्थ्यांनीं या लेखावरून स्वतः बोर्ड उघडूं नये. वडील अथवा जाणता मनुष्य काम करीत असतां दिवा धरून उभें राहावें व आमच्या सूचना मोठ्यानें वाचाव्या. मुलांस हें ज्ञान देऊंच नये, असें कांहीं पालक आम्हांस सांगतात. परंतु वर सांगितलेल्या मुलास तें मिळालें नसतें तर तो आईकडेच धांवला असता.

बटण बदलण्याची रीति अशी आहे. दिवसा उजेडीं काम करावें. पायांत कोरड्या रबरी चपला असाव्या, खालीं कोरडा लांकडी पाट घ्यावा, हातांतील कडें व अंगठी काढून ठेवावी. प्रथम बोर्डाजवळचा दिवा चालू करून ठेवावा आणि मग मेन स्विच बंद करावें. दिवा विझला पाहिजे. केवळ बटण बंद करून भागत नाहीं, कारण बटणाच्या एका स्क्रूपर्यंत वीज आलेलीच असते; आणि अनाड्यानें बटण फेजऐवजीं न्यूट्रलवर बसविलें असेल, तर दिवा विझूनही होल्डर जिवंत राहतें. हल्लीं पुष्कळ घरांत इन्व्हर्टर आहे. मेन बंद केलें तरी तो आपल्या बॅटरीची वीज त्याच वायरींत सोडतो. म्हणून तोही बंद करून त्याचा मार्ग तोडावा. हें विसरल्यानें चांगले जाणते लोक फसले आहेत. मेनपाशीं एखाद्या माणसास उभें करावें, नाहींतर बाहेरून आलेला कोणी तरी 'अरे, वीज कां गेली?' म्हणून चालू करावयाचा.

टेस्टरवर आंधळा विश्वास ठेवूं नये. मेन बंद करण्यापूर्वीं तो सॉकेटच्या चालू भोंकांत लावून लागतो कीं नाहीं तें पाहावें. मेन बंद केल्यावर उघडलेल्या बोर्डाच्या प्रत्येक स्क्रूस लावावा. काम संपवून मेन चालू केल्यावर पुन्हां चालू भोंकांत लावून पाहावा. मधेंच टेस्टर बिघडला असेल तर तो मेलेल्या व जिवंत वायरींत भेद करीत नाहीं. पाटावर उभें राहिल्यास त्याचा दिवा मंद लागतो, हेंही ध्यानांत असावें. मंद म्हणजे निर्धोक नव्हे.

आतां बोर्डाची पट्टी सोडवून हळूच पुढें ओढावी. कोणती वायर कोठें आहे याचें चित्र कागदावर काढावें. रंगांवर विसंबूं नये. जुन्या घरांत फेज तांबडी, न्यूट्रल काळी व अर्थिंग हिरवी असते. नव्या उपकरणांच्या वायरींत फेज तपकिरी, न्यूट्रल निळी आणि अर्थिंग हिरवी-पिंवळी असते. पण आमच्याकडील तीन फेजच्या जोडणींत निळी हीच एक फेज असते! शिवाय कोणी जी हातास लागली ती वायर वापरलेली असते. जुन्या बटणाची एक वायर सोडवावी व ती लगेच नव्या बटणास जोडावी, मग दुसरी. जिन्यावरच्या, दोन ठिकाणांहून चालणाऱ्या दिव्याच्या बटणास तीन वायरी असतात; तेथें मधली वायर मधेंच गेली पाहिजे. वायरीचें टोंक काळें पडलें असेल तर तेवढें कापून नवें सोलावें, तारा पीळ देऊन एकत्र कराव्या, आणि स्क्रू घट्ट आंवळून वायर किंचित् ओढून पाहावी. तांब्याचा एकही केस बाहेर राहूं नये. वस्तु आय. एस. आय. चिन्हाचीच घ्यावी, यांत वांचविलेले पंधरा-वीस रुपये फार महाग पडतात.

सॉकेट बसवितांना समोरून पाहिल्यास मोठें भोंक वर, उजव्या हातास फेज व डाव्या हातास न्यूट्रल, असा क्रम आहे. लहान सॉकेट ६ अँपिअरचें व मोठें १६ अँपिअरचें. वॅटास २३० नीं भागलें कीं अँपिअर निघतात, हें सहाव्या इयत्तेंतील मुलासही येईल. हजार वॅटची इस्त्री सवाचार अँपिअर घेते. ती लहान सॉकेटवर चालेल. दोन हजार वॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो. तो तेथें लावल्यास सॉकेट वितळेल. पण लहान सॉकेट काढून मोठें लावलें म्हणजे झालें, असेंही नाहीं; भिंतींतील वायर बारीकच राहते व आग तिच्यांत लागते. गीझरास मेनपासून निराळी जाड वायर पाहिजे.

दिव्याचें होल्डर बदलणें सोपें. मात्र बल्ब थंड होऊं द्यावा. पंख्याचा हूक व सीलिंग रोज यांचें काम शिडीवर चढून एकट्यानें करूं नये. शिडी बांबूची किंवा लांकडी असावी, लोखंडी नसावी. आणि कपडे वाळत घालण्यासाठीं दोरी बांधावी, तार केव्हांही बांधूं नये.

अपघात झालाच तर आधीं मेन बंद करावें. तें दूर असेल तर कोरड्या लांकडानें माणसास वायरीपासून ढकलावें. श्वास चालत नसेल तर त्यास पाठीवर निजवून छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहातांनीं सुमारें दोन इंच दाबावें. मिनिटास १०० ते १२० वेळां, मदत येईपर्यंत, न थांबतां. दुसऱ्यानें १०८ क्रमांकास कळवावें. ता. ३ जून १९२० नव्हे, २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ आपल्या जिल्ह्यावर आलें, तेव्हां ठिकठिकाणीं खांब आडवे झाले. अशी तार पडलेली दिसल्यास ती मेलेली आहे असें मानूं नये. ओल्या जमिनींत वीज पसरते, म्हणून दहा-पंधरा पावलें दूरच उभें राहावें, गुराढोरांस अडवावें व महावितरणच्या १९१२ क्रमांकास कळवावें.

शेवटीं नाताळच्या ताऱ्याविषयीं. डिसेंबर आला कीं आमच्या वस्तींतील प्रत्येक खिडकींत कागदी तारा टांगला जातो, आणि त्याची वायर बहुधा उघड्या टोंकांनीं सॉकेटांत घालून आगकाडीनें दडपलेली असते. हें आम्हीं प्रतिवर्षीं पाहतों व प्रतिवर्षीं सांगतों. वायरीस प्लग लावावा, मधले सांधे, एकाच्या समोर दुसरा येणार नाहीं असे मागें-पुढें करून, चिकटपट्टीनें निरनिराळे गुंडाळावे, आंत एल. ई. डी. बल्बच घालावा, कारण जुना बल्ब कागद तापवितो. तारा ओसरीच्या कडेस टांगला असेल तर दंव पडेल एवढा बाहेर नसावा. आणि रात्रीं उपासनेहून परत आल्यावर, निजण्यापूर्वीं, त्याचा प्लग काढून ठेवावा.